७५ टक्क्यांवरचं ब्रेकअप: राग नायिकेवर काढायचा की लेखिकेवर?

पानखूण

समकालीन इंग्रजी रोमान्स नियमित वाचणाऱ्यांना एक प्रश्न आहे. मोघम बोलण्यापेक्षा एक जागा दाखवून विचारते.

कादंबरी ऑफिसातली आहे. आधी खटके, मग एकत्र काम, मग प्रेम. निवेदन सगळं नायिकेचं, प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात. २६४व्या पानावर ती जिन्यात थांबलेली असताना खालच्या मजल्यावरून नायकाचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर येतं. महिन्याभराचाच प्रश्न आहे, नंतर तिचा-माझा संबंध राहणार नाही, असं काहीतरी. ती पुढचं ऐकायला थांबत नाही. त्याच्या घराची किल्ली पाकिटात घालून रिसेप्शनवर ठेवते, पाकिटावर त्याचं नाव आडनावासकट लिहिते, नंबर ब्लॉक करते आणि बहिणीकडे निघून जाते. २९८व्या पानावर उलगडा होतो. तो बदलीवर आलेल्या वरिष्ठ बाईंबद्दल बोलत होता. त्यानं हे एका वाक्यात सांगितलं आणि सगळं मिटलं.

भांडणाच्या पानाला ई-रीडर ७५ टक्के दाखवत होता. हा आकडा इतक्या पुस्तकांत इतक्या नेमाने येतो की तो योगायोग वाटत नाही. पुस्तकाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण हाच सांगाडा खूप ठिकाणी सापडतो आणि मला सांगाड्याबद्दलच बोलायचं आहे.

या जागी बहुतेक वाचक नायिकेवर चिडतात. "बालिश आहे", "डोक्यात गेली", "एक फोन केला असता तर?" मला यातलं अर्धंच पटतं. हीच बाई आधीची २६० पानं शहाणी, तिखट आणि कामात चोख आहे. मग एका पानात ती बदलली, की तिला बदलायला लावलं? हे ओळखायचं कसं? ताटातूट हा या प्रकाराचा नियमच आहे का? आणि प्रतिक्रिया लिहिताना पात्राचा दोष आणि रचनेचा दोष वेगळे कसे करायचे?

दुहेरी_अवतरण

आधी नियमाबद्दल. ताटातूट हा नियम नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने, म्हणजे १९८०मध्ये स्थापन झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने, या प्रकारासाठी दोनच अटी धरल्या. प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा, आशावादी हवा. भांडण, विरह, विमानतळावरची धावाधाव यातलं काहीही त्या व्याख्येत नाही.

मग हे येतं कुठून? पामेला रेजिस यांनी २००३च्या 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' या पुस्तकात रोमान्स कादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. पात्रं ज्या समाजात राहतात त्याचं चित्र, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, प्रतीकात्मक मृत्यू, उलगडा आणि एकमेकांना दिलेलं वचन. त्यांचा क्रम ठरलेला नाही. यातला 'प्रतीकात्मक मृत्यू' म्हणजे हे दोघं एकत्र येणं आता अशक्यच, असं वाटायला लावणारा क्षण. पुढे लेखनाचे आराखडे शिकवणाऱ्या पुस्तकांनी या क्षणाला ठरावीक जागा नेमून दिली. ग्वेन हेज यांचं 'रोमान्सिंग द बीट' (२०१६) कथेचे चार टप्पे पाडतं आणि ब्रेकअप तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी ठेवतं. चारातले तीन संपले की ७५ टक्के होतात. तुम्हाला नेमाने दिसणारा आकडा तो हाच.

पण अशक्य वाटणं आणि भांडण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आराखडा पाठ करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) उघडून मोजा. एकूण ६१ प्रकरणं आहेत. जोरदार भांडण, म्हणजे नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी आणि नायिका एलिझाबेथचा नकार, ३४व्या प्रकरणात आहे. ते झाले ५६ टक्के. ३५व्या प्रकरणात डार्सीचं पत्र येतं आणि पुढच्या पानांत तिचे मोठे गैरसमज ती स्वतःच वाचून, ताडून दूर करते. म्हणजे गैरसमज कथेच्या मध्यातच संपला. प्रतीकात्मक मृत्यू ४६व्या प्रकरणात आहे. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया ही विकम नावाच्या लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्याची पत्रं सरायीत येतात, तेवढ्यात डार्सी दारात उभा राहतो, ती त्याला सगळं सांगते आणि तो गंभीर होऊन निघून जातो. ६१ पैकी ४६ म्हणजे जवळपास ७५ टक्के.

त्या खोलीत कोणी कोणावर ओरडत नाही, कोणी खोटं बोलत नाही, कोणी चुकीचं ऐकत नाही. दोघांनाही सगळं माहीत आहे आणि म्हणूनच आशा संपते. पहिल्या मागणीच्या वेळी डार्सीने ज्या घराण्याला कमी लेखलं होतं, ते घराणं आता त्याहून खाली गेलेलं असतं. अडथळा जुनाच, पण वजन दुप्पट. आपण याच्यावर प्रेम करू शकलो असतो हे तिला नेमकं त्याच वेळी उमगतं. ७५ टक्क्यांवर एवढं घडलं तर वाचक ई-रीडरच्या आकड्याकडे बघतही नाही.

लेखणी_आणि_खोडरबर

ओळखायचं कसं, या प्रश्नाला माझं उत्तर असं: आधी मागे जा. भांडणाचं पान वाचून झालं की पुस्तकाचे पहिले २० टक्के पुन्हा चाळा आणि एकच गोष्ट शोधा. या पात्राची अशी कोणती ठाम समजूत आहे जिच्यामुळे ते प्रेमापासून लांब राहतं? चांगल्या कादंबरीत ती एका ओळीत सापडते. "माणसं थांबत नाहीत." "मी ओझं आहे." "आधी निघालं की कमी लागतं." ती ओळ कागदावर उतरवा आणि भांडणाच्या पानाशेजारी ठेवा. पात्र त्या समजुतीमुळेच असं वागलं असेल तर ताटातूट त्याची आहे. दोन्हींचा काही संबंध लागत नसेल तर ती बाहेरून आणून चिकटवलेली आहे.

मग वरची "एक फोन" कसोटी. ती बहुतेक जण अर्धीच वापरतात. "एका फोनने मिटलं असतं" हा दोष नाही. जगातली बरीच भांडणं एका फोनने मिटतील अशीच असतात. विचारायचं ते हे की फोन का केला नाही. तिला उत्तराची भीती वाटते म्हणून केला नाही, तर कारण पात्रात आहे. फोन पाण्यात पडला, विमान सुटत होतं, मैत्रिणीने निरोप दिलाच नाही, तर कारण लेखिकेच्या हातात आहे.

तिसरं, पेरणी किती वेळा झाली ते मोजा. समजूत एकदाच, तीही पूर्वायुष्याच्या परिच्छेदात सांगून सोडली असेल तर ७५ टक्क्यांवर ती कुणाला आठवणार नाही. साधारण तीनदा दिसायला हवी. एकदा सांगून, एकदा छोट्या प्रसंगात, आणि एकदा अशा प्रसंगात जिथे पात्र तिच्यावर थोडक्यात मात करतं. हा तिसरा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान नायिकेने एकदा धीर करून विचारलेलं असेल आणि चांगलं उत्तर मिळालेलं असेल, तर नंतर तिचं पुन्हा न विचारणं ही घसरण ठरते. घसरण समजते, तिचं वाईट वाटतं. त्याआधी काहीच नसेल तर वाचकाला फक्त हट्ट दिसतो.

लपवलेल्या गोष्टीवर उभ्या कथांसाठी मोजणी वेगळी. ज्याने लपवलं त्याला सांगायच्या संधी किती आल्या ते मोजा: दोघं एकटे आहेत, शांत आहेत, विषय जवळून गेला आणि तो गप्प राहिला, अशा जागा. एक-दोन असतील तर भित्रेपणा. दोघं शरीराने जवळ आल्यानंतरही मौन चालू असेल तर तो नवा आणि मोठा अपराध आहे, कारण समोरच्याने दिलेली संमती अर्धवट माहितीवर दिलेली आहे. "मी सांगणारच होतो" हे त्यानंतर पुरत नाही.

लटक्या प्रेमाच्या, म्हणजे फेक डेटिंगच्या कथांतही अशीच एक खूण असते. "तो फक्त नाटक करतोय" हा समज कुठपर्यंत मान्य करायचा? बघायला कोणी नसताना तो पहिल्यांदा प्रेमाने वागेपर्यंत. ती आजारी आहे, घरात तिसरं माणूस नाही आणि तो रात्रभर बसून राहिला. त्यानंतरही ती चार प्रकरणं "हे सगळं लोकांसाठीच" म्हणत राहिली तर तो समज तिचा उरलेला नाही, कथा ताणण्यासाठी तो तिच्या तोंडी ठेवलेला आहे.

अमलताश

मी नायिकेच्या बाजूने बोलणार आहे, आणि तेही निवेदनाच्या अंगाने. कारण इथली निम्मी चीड निवेदनपद्धतीतून येते.

सध्याच्या बऱ्याच रोमान्समध्ये एक प्रकरण तिचं, एक त्याचं असं दुहेरी निवेदन असतं. त्यात दोघांची मनं वाचकासमोर उघडी असतात. तो तिच्यासाठी झुरतोय हे आपल्याला १०० पानं आधीपासून माहीत असतं, त्यामुळे तिची शंका आपल्याला मूर्खपणा वाटते. तिला मात्र त्याचं प्रकरण वाचायला मिळालेलं नसतं. दुहेरी निवेदन घेऊन गैरसमजाची ताटातूट करणं म्हणूनच मुळात कच्चं बांधकाम आहे. तिथे अडथळा असा हवा की दोघांची मनं माहीत असूनही वाचकाला वाट दिसू नये. दोघांच्या नोकऱ्या दोन खंडांत, एकाला मूल हवं आणि एकाला नको, आजारी आईला सोडून जाता येत नाही, असं काहीतरी.

पानखूण, तुमच्या पुस्तकात एकेरी निवेदन आहे. म्हणजे नायकाचं मन बंद. इथे गैरसमजाला खरी जागा आहे, पण लेखिकेवर एक जबाबदारी येते. तो बोलून कळणार नसेल तर करून कळला पाहिजे. त्याच्या कृतींची यादी करा. शब्द सोडून द्या, फक्त कृती. तिच्या बाजूने मीटिंगमध्ये उभा राहिला? तिची चहाची आवड न विचारता लक्षात ठेवली? यादी भरगच्च असेल तर तिने जिन्यात ऐकलेलं एक वाक्य त्या सगळ्यावर भारी कसं पडलं, याचं उत्तर पुस्तकाला द्यावंच लागेल. यादी तुटपुंजी असेल तर तिची शंका रास्त आहे आणि चिडायचं असेल तर नायकावर चिडा.

वर्तमानकाळाचाही यात हात आहे. भूतकाळात सांगणारी नायिका "तेव्हा मला कळलं नाही" असं म्हणू शकते. त्या एका वाक्याने वाचक तिला माफ करतो, कारण आज ती शहाणी झालेली आहे. वर्तमानकाळात ती मोकळीक नसते. ती चूक करतेय त्या क्षणी आपण तिच्या डोक्यात अडकलेलो असतो आणि बाहेर काढणारं कोणी नसतं. प्रतिक्रिया लिहिताना म्हणूनच एक पथ्य पाळावं. तिला त्या पानावर काय माहीत होतं तेवढंच धरून तिचा न्याय करायचा. आपल्याला जास्त माहीत असतं, त्याचा भार तिच्यावर टाकायचा नाही.

आणि ते पाकीट. किल्ली परत करताना पाकिटावर आडनावासकट नाव लिहिणं हे त्या प्रसंगातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. दुखावल्यावर ही बाई रडारड करत नाही, ती पुन्हा औपचारिक होते. घरातला माणूस एका क्षणात ऑफिसातला झाला. ज्या लेखिकेला हे सुचलं तिला आपली नायिका नीट ठाऊक आहे. तिने ब्रेकअप फक्त आराखड्याखातर घातलं असेल असं मला वाटत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला काहीतरी पेरलेलं असणार. बघाल का?

पानखूण

बघितलं. ३८व्या पानावर आहे. आधीच्या नोकरीत तिला काढणार आहेत हे तिला मीटिंगरूमच्या बंद दाराबाहेर उभं राहून कळलेलं असतं. आतली माणसं तिचा "महिनाअखेरीला विषय संपवू" म्हणत होती. चार ओळी आहेत. नंतर २६४व्या पानापर्यंत त्याचा उल्लेख नाही, आणि तिथेही नाही. वाचताना माझ्याकडून तो दुवा सुटला होता.

म्हणजे ताटातूट तिची आहे, पेरणी मात्र एकदाच झाली. मग मला खटकलं ते नक्की काय? आता शंका त्या पुढच्या ३४ पानांची येतेय.

उशिरा_झोपणारी

शंका बरोबर दिशेला आहे. ताटातूट फसली असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा दुरुस्ती, म्हणजे त्यानंतरचं पुन्हा जुळणं, फसलेली असते. तुमच्याच पुस्तकावर लावून बघू.

तिची भीती काय? आपल्याबद्दलचे निर्णय बंद दाराआड होतात आणि आपल्याला शेवटी कळतात. नायकाने काय केलं? "ते तुझ्याबद्दल नव्हतं" म्हणून सांगितलं. खरं आहे, पण याने फक्त या खेपेचा हिशेब मिटला. पुढच्या वेळी तिने काही अर्धवट ऐकलं तर? भीती होती तिथेच आहे. दुरुस्ती व्हायची तर पहिलं पाऊल तिने टाकायला हवं होतं: अपुरं ऐकलं असतानाही परत जाऊन, समोर उभं राहून विचारणं. आणि त्याच्याकडून असं काही हवं होतं की तिच्याशी संबंधित एखादा निर्णय, अगदी लहानसा का होईना, त्याने तिच्यासमोर, तिला विचारून घेतला. उलगडा आधी आणि धैर्य नंतर असा क्रम लागला की धैर्याची किंमत राहत नाही. स्पष्टीकरण मिळण्यापूर्वी विश्वास ठेवणं ही कमाई आहे, मिळाल्यावर ठेवणं ही नुसती पोच.

नायकाची चूक असलेल्या कथांत माफी कशी तपासायची तेही सांगते. आपण काय केलं ते त्याने नेमक्या शब्दांत म्हटलं पाहिजे. "मी तुला दुखावलं" हे नेमकं नाही. "तुझ्या कामाचं श्रेय मी माझ्या नावावर जाऊ दिलं" हे नेमकं. बदल भेटीच्या आधी झालेला हवा, भेटीत जाहीर केलेला नको. त्याची त्याला काही किंमत पडलेली हवी. आणि तिला नाही म्हणायची मोकळीक हवी. भर कार्यक्रमात माईक घेऊन मागितलेली माफी या शेवटच्या अटीवर पडते, कारण २०० माणसांसमोर नकार देणं म्हणजे तिच्यावर नवा दबाव. असा प्रसंग उत्साहाने लिहिलेला असतो, वाचकाला मात्र श्वास कोंडल्यासारखं होतं. का ते त्याला सांगता येत नाही, इतकंच.

पानं मोजणंही उपयोगी पडतं. या ३४ पानांत तिच्या दुःखाला किती, मैत्रिणीच्या सल्ल्याला किती आणि प्रत्यक्ष बदलाला किती? "तीन आठवडे गेले" अशा वाक्याने जर बदल उरकला असेल तर वाचकाला तो मिळालेलाच नाही. मिल्स अँड बूनसारख्या मालिकांतली कादंबरी ५०,००० शब्दांच्या आसपास असते. तिथे शेवटच्या पावाला साडेबारा हजार शब्द येतात आणि घाई समजून घेता येते. ९०,००० शब्दांच्या स्वतंत्र कादंबरीत तोच पाव साडेबावीस हजारांचा होतो. तिथे जागा कमी पडली ही सबब चालत नाही.

वाचकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यासही जुना आहे. जॅनिस रॅडवे यांनी १९८४च्या 'रीडिंग द रोमान्स'मध्ये अमेरिकेतल्या एका गावातल्या नियमित रोमान्स वाचणाऱ्या बायकांना काय आवडतं, काय फसलेलं वाटतं ते विचारलं. हुशार, ठसकेबाज नायिका आणि कठोर दिसला तरी मुळात कोमल असलेला नायक, ही त्यांची आवड ठळक होती. नायकाच्या क्रौर्याला मागाहून पटेल असा खुलासा मिळाला नाही की पुस्तक त्यांच्या मनातून उतरायचं. आज मात्र आपण खुलाशावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. नायकाचं बालपण वाईट गेलं यावरून तो असा का वागतो ते कळतं, पण तिने त्याच्याकडे परत का जावं ते कळत नाही. सरळ मार्ग असा की तिच्या पहिल्या "नाही"चं पान काढा आणि पुढच्या १० पानांत तो काय करतो ते बघा. तिथे तो थांबला नसेल तर ७५ टक्क्यांवरची ताटातूट हाच त्या पुस्तकाचा योग्य शेवट होता.

यावर एक उदाहरण देते, कथा उघड होईल म्हणून वाचलं नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. कोलीन हूवर यांचं 'इट एन्ड्स विथ अस' (२०१६) रोमान्सच्या कपाटात ठेवतात, पण त्यात नायिका मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळी होते, मूल झाल्यावर घटस्फोट मागते. तिथे ताटातूट म्हणजे अडथळा नव्हे, सुटका आहे. ठरावीक गोड शेवटाच्या अपेक्षेने ते उचलणारा वाचक गोंधळतो आणि "नायिकेने माफ करायला हवं होतं" असं लिहून जातो. अशा वेळी पुस्तकाला नावं ठेवण्याआधी त्यावरचं लेबल तपासावं.

केळवण_नंतर

मराठी लिहिणाऱ्या कुणी हा सांगाडा उचलणार असेल तर त्यांच्यासाठी. तंत्राची चर्चा आपल्याला परकी नाही, ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं पुस्तक 'प्रतिभासाधन' १९३१चं आहे. अडचण तंत्राची नाही, घराची आहे.

अमेरिकी कादंबरीतली नायिका नंबर ब्लॉक करून निघून जाऊ शकते, कारण तिच्या भोवती एक मैत्रीण, एक भाऊ किंवा बहीण आणि फार तर एक आजी असते. ठाण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात हे चालणार नाही. तिने फोन बंद केला तर त्याची आई तिच्या आईला फोन करेल, आणि साखरपुडा झालेला असेल तर दोन्हीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू होईल. याद्या झाल्या आहेत, कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स दिलाय, केळवणांची आमंत्रणं आलीत. अशा वेळच्या ताटातुटीला आपण ब्रेकअप म्हणत नाही, लग्न मोडलं म्हणतो. तो शब्द दोघांपुरता राहत नाही.

हे नुसतं अनुवादून चालणार नाही, पण याचा फायदाही आहे. इथे चुकून ऐकलेल्या फोनची गरजच पडत नाही. खरा, मोठा अडथळा घरात बसलेला असतो: जात, पगार, पत्रिका, लग्नानंतर कोणी कुठे राहायचं. मराठी कथेत ७५ टक्क्यांवर तपासायची गोष्ट माझ्या मते एकच: होकार कोण देतं? घरच्यांनी विरोध केला, मग काकांनी मध्यस्थी केली आणि घरचे मानले, अशी गाठ सुटली तर दोघांनी काहीच केलेलं नसतं. तिने स्वतः बैठकीत बसून "पत्रिका बघायची नाही" म्हटलं, आवाज थरथरत का होईना, की दुरुस्ती तिची झाली. मग काका मानोत न मानोत.

दुहेरी_अवतरण

पानखूण, एक हिशेब तपासून घ्या. ई-रीडरचा टक्का पूर्ण फाइलवर चालतो. शेवटचे आभार, लेखिकेच्या इतर पुस्तकांची यादी आणि बऱ्याचदा पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, हे सगळं त्यात धरलेलं असतं. कथा कोणत्या पानावर संपते ते बघून भागाकार पुन्हा करा. उपसंहारही बाजूला काढा, कारण तोपर्यंत सगळं मिटलेलं असतं.

पानखूण

केला. फाइल ३५२ पानांची, कथा ३२२वर संपते. २६४ भागिले ३२२ म्हणजे ८२ टक्के. उपसंहार ३१०व्या पानावर सुरू होतो, तो काढला तर ८५. म्हणजे ताटातूट मला वाटलं त्यापेक्षा बरीच उशिरा आहे आणि दुरुस्तीला जागाच ठेवलेली नाही. त्या ३४ पानांत बहिणीच्या घरची २१, मैत्रिणीशी बोलणं ६, नोकरीचा राजीनामा लिहून फाडणं ५ आणि नायकाची भेट २.

राजीनामा फाडण्याची ती ५ पानं मी दोनदा वाचली. तिथे ती एकदा फोन हातात घेते, ब्लॉक काढते आणि पुन्हा ठेवून देते. तिथून ती उठून त्याच्याकडे गेली असती तर उलगड्याआधीचं धैर्य तिला मिळालं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तोच बहिणीच्या दारात येतो.

प्रतिक्रियेत आधी "नायिका बालिश" असं लिहिलं होतं, ते काढलं. आता असं लिहिलंय: "२६४व्या पानावरचं नायिकेचं वागणं ३८व्या पानाशी जुळतं, पण मधल्या २२६ पानांत लेखिका तो दुवा एकदाही जागा करत नाही. ताटातूट कथेच्या ८२ टक्क्यांवर येते, दोघांच्या समेटाला २ पानं मिळतात आणि पहिलं पाऊल नायक टाकतो. किल्लीच्या पाकिटाचा प्रसंग मात्र जरूर वाचा." अमलताश, शेवटचं वाक्य तुमच्यामुळे.